मावशीला आधीच माहीत होतं, मग मी काय शोधलं?

पत्र:

ताई, मी २७ वर्षांची, बांद्रा पूर्वेला राहते, फोर्टमधे एका इन्शुरन्स ऑफिसात कामाला आहे. दोन वर्षं झाली, सुट्टीच्या दिवशी ओहोटीची वेळ बघून बँडस्टँडच्या खडकांवर जाते आणि डबक्यांत जे दिसेल त्याचे मोबाईलवर फोटो काढते. मागच्या डिसेंबरात नखाएवढी एक गोगलगाय दिसली. शंख नाही, पाठीवर केशरी बोटांसारखे झुपके, टोकं निळसर. कुठल्या पुस्तकात सापडेना, नेटवर सापडेना. पावसाळ्यात गेले तेव्हा एकदाही दिसली नाही, दिवाळीनंतर परत आली, त्याच झुडपासारख्या गोष्टीवर, आणि या वेळी तिथे पांढऱ्या दोऱ्याची गुंडाळी चिकटवल्यासारखं काहीतरी होतं. मला वाटलं आपल्याला नवीनच प्राणी मिळालाय. घरी सांगितलं, बाबांनी पेढे आणून बिल्डिंगमधे वाटले. मग एका तज्ज्ञांना फोटो पाठवला तर दोन ओळींचं उत्तर आलं, ज्ञात प्रजाती आहे, फोटो छान. त्याच आठवड्यात खडकांवर कालवं काढायला येणाऱ्या चिंबईच्या मावशींना फोटो दाखवला तर म्हणाल्या, "ही काय नवीन हाय? लहानपणापासून बघते, त्या झुडपावरच बसलेली असते, तिथं हात नको घालू, खाज सुटते." दादा तेव्हापासून मला कोलंबस म्हणतो. मी खडकांवर जाणंच बंद केलंय. मावशींना माहीत होतं, तज्ज्ञांना माहीत होतं, मग मी नक्की काय शोधलं? शोध कोणाचा असतो, आधी बघणाऱ्याचा, नाव देणाऱ्याचा, की छापून आणणाऱ्याचा? आणि आता शोधायला काही उरलंय का?
ओहोटीवाली, बांद्रा

उत्तर:

प्रिय ओहोटीवाली,

आधी दादाचं बघू, ते पटकन होईल. कोलंबस १२ ऑक्टोबर १४९२ ला ज्या बेटावर उतरला तिथे माणसं राहत होती आणि आपलं बेट त्यांना चांगलंच माहीत होतं. आणि १५०६ मधे वारला तोपर्यंत तो आपण आशियालाच पोचलो असंच म्हणत राहिला. म्हणजे माणूस पोचला, पण कुठे पोचला ते त्याला शेवटपर्यंत पटलं नाही. तू याच्या अगदी उलट केलंयस. तुला वाटलं नवीन आहे, तू दोन ठिकाणी विचारलंस, दोन्हीकडून नाही आलं, तू ऐकलंस. हे जमणं सोपं नसतं गं, भलेभले आपलंच घोडं पुढे दामटत बसतात. तेव्हा लाज वगैरे वाटून घ्यायचं काही कारण नाही.

आता तुझा मुख्य प्रश्न. मी तुझं पत्र परत परत वाचलं, कारण त्यात एक वाक्य आहे जे तू जाता जाता लिहून गेलीयस आणि मला तेच सगळ्यात मोलाचं वाटतंय, त्यावर येतेच, पण त्याआधी हा "शोध कोणाचा" प्रकार नीट बघायला हवा, नाहीतर ते वाक्य का मोलाचं आहे ते तुला पटणार नाही.

आधी बघणाऱ्याचा शोध असं म्हणायचं तर नेपच्यून गॅलिलिओच्या नावावर जायला हवा. डिसेंबर १६१२ आणि जानेवारी १६१३ मधे तो दुर्बिणीतून गुरू आणि त्याचे चंद्र बघत होता, नेपच्यून तेव्हा नेमका गुरूच्या जवळ होता, गॅलिलिओनं तो आपल्या वहीत काढून ठेवलाय, आणि कहर म्हणजे २८ जानेवारीला त्यानं अशी नोंदही केलीय की हे दोन तारे (त्यातला एक म्हणजे नेपच्यून) काल रात्री एकमेकांपासून जरा लांब वाटत होते. म्हणजे ग्रह हललेला त्याला दिसला, त्यानं लिहिलं, आणि पुढे गेला. त्याच्यासाठी तो तारा होता. मग १८४६ मधे फ्रान्समधे ल व्हेरिएनं युरेनसची चाल का चुकतेय याचं गणित मांडलं, आकाशात अमुक जागी बघा असं बर्लिनच्या वेधशाळेला कळवलं, आणि २३ सप्टेंबरच्या रात्री तिथल्या गाले या खगोलशास्त्रज्ञानं दुर्बीण लावली तर सांगितलेल्या जागेपासून एक अंशाच्या आत नेपच्यून बसलेला. आपण शोधाची तारीख ही धरतो, आणि मला ती बरोबर वाटते. डोळ्यांना दिसणं ही सुरुवात झाली. आपण काय बघतोय याचा काहीतरी अर्थ लागणं, आणि दुसऱ्या कोणालाही "तिथे बघ, तुलाही दिसेल" असं सांगता येणं, हे झाल्याशिवाय शोध पुरा होत नाही.

पण मग मावशींचं काय? इथे मला तुझ्यापेक्षा जास्त राग येतो, खरं सांगते. शाळेत आपण वाचलं ना की अजिंठ्याची लेणी २८ एप्रिल १८१९ ला जॉन स्मिथ नावाच्या इंग्रज अधिकाऱ्यानं शोधली, वाघाच्या शिकारीला आला होता आणि वरून त्याला दिसली. दहाव्या लेण्यातल्या खांबावर त्यानं आपलं नाव आणि तारीख कोरून ठेवलीय, चित्रावरच. आसपासच्या गावांतल्या लोकांना लेणी माहीतच होती, ते त्या डोंगरात ये-जा करत होते. तरी तारीख स्मिथची. आता स्मिथमुळे बाहेरच्या जगाला कळलं, अभ्यासक आले, चित्रांच्या नकला झाल्या, हे सगळं झालं आणि ते महत्त्वाचंच आहे, पण म्हणून गावकऱ्यांचं माहीत असणं शून्य होत नाही. पहिला कोण हा प्रश्न आला की असंच होतं, एकाचं नाव लागतं आणि बाकीचे सगळे जणू तिथे नव्हतेच. म्हणून पहिला कोण हे विचारायचं मी कधीच सोडून दिलंय. कोणी काय बघितलं, कोणी त्यात काय भर घातली आणि ते पुढच्याला कसं दिलं, हे विचारलं की खूप जास्त कळतं.

आपल्याच शहरातलं उदाहरण देते, आणि जरा सविस्तर देते कारण ते तुझ्या आणि मावशींच्या गोष्टीला अगदी लागू पडतं.

१८९६ मधे मुंबईत प्लेग आला. सप्टेंबरमधे मांडवीत डॉ. विएगस यांनी पहिला रोगी ओळखला. प्लेगचा जंतू दोनच वर्षं आधी, १८९४ मधे, हाँगकाँगला येरसँनं दाखवून दिला होता, म्हणजे रोग कशानं होतो ते माहीत होतं, पण तो एका माणसातून दुसऱ्यात जातो कसा ते कोणालाच नक्की सांगता येत नव्हतं. मग सरकारनं सगळंच केलं, गटारांत कार्बोलिक ओतलं, घरं धुतली, उजेड यावा म्हणून छपरं उचकटली, सामान जाळलं, लोकांना कॅम्पात नेलं, आणि माणसं मरतच राहिली. आता बघ, त्याच्या कितीतरी आधीपासून हिमालयात कुमाऊँ-गढवालकडच्या गावांत लोकांना एक गोष्ट ठाऊक होती, घरात उंदीर मरून पडायला लागले की गाव सोडून बाहेर राहायला जायचं. जंतू वगैरे त्यांना माहीत नव्हतं. पण उंदीर आधी, माणूस नंतर, हा क्रम त्यांनी पिढ्यान्‌पिढ्या बघितला होता. ही तुझी मावशी.

मग पॉल-लुई सिमाँ नावाचा फ्रेंच डॉक्टर आला. त्यानं उंदीर आणि माणूस यांच्या मधे कोण असेल याचा विचार केला. रोग्यांच्या अंगावर त्याला पिसू चावल्यासारखे बारीक फोड दिसायचे, आणि ताजा मेलेला उंदीर हाताळणाऱ्याला रोग होतो पण बऱ्याच वेळापूर्वी मेलेला हाताळला तर होत नाही हेही त्याच्या लक्षात आलं, कारण उंदीर थंड पडला की पिसवा त्याला सोडून जातात. जून १८९८ मधे कराचीत त्यानं साधासा प्रयोग केला. एका भांड्यात पिसवा असलेला आजारी उंदीर आणि जाळीपलीकडे एक धडधाकट उंदीर, दोघांचा एकमेकांना स्पर्श होणार नाही पण पिसू जाऊ शकेल असा. आजारी उंदीर मेला, आणि काही दिवसांत दुसराही प्लेगनं मेला. त्यानं हे छापलं. आणि लोकांनी ते मानलं नाही! वर्षानुवर्षं मानलं नाही.

शेवटी मानलं कुठे, तर आपल्या परळला. १९०५ पासून प्लेग कमिशनच्या लोकांनी तिथल्या प्रयोगशाळेत, म्हणजे आज जी हाफकिन इन्स्टिट्यूट आहे तिथे, हे सगळं परत करून बघितलं, आणि खूप खोलात जाऊन बघितलं. गिनीपिगचे काही पिंजरे जमिनीवर ठेवले, काही पिसू उडी मारून पोचणार नाही इतके वर टांगले, काहींना पिसू आत शिरणार नाही अशी बारीक जाळी लावली. हवा सगळ्यांना तीच होती. जमिनीवरचे उघडे होते ते मेले, वरचे आणि जाळीतले वाचले. प्लेग झालेल्या घरांत गिनीपिग सोडून त्यांच्या अंगावर किती पिसवा येतात ते मोजलं. तेव्हा कुठे वाद मिटला.

आता सांग, प्लेग पिसवांमुळे पसरतो हा शोध कोणाचा? पुस्तकात सिमाँचं नाव असतं आणि ते असायलाच हवं. पण गावकऱ्यांसारख्या लोकांनी उंदरांवर नजर ठेवली नसती तर उंदीर हा धागा इतक्या सहज हाती लागला नसता, आणि परळच्या लोकांनी पिंजरे टांगले नसते तर सिमाँचा कागद कपाटात पडून राहिला असता. कोणालाच यातलं एकट्यानं सगळं जमलेलं नाही. गंमत बघ, तू तुझ्या पत्रात तीन माणसांची स्पर्धा लावलीयस, मावशी, तज्ज्ञ आणि तू, आणि तुला वाटतंय तू तिसरी आलीस. माझ्या मते तुमच्या तिघांकडे एकेक तुकडा आहे आणि तुमच्यापैकी कोणी अजून ते जुळवलेले नाहीत.

अजून एक मुंबईचीच गोष्ट, हिचं नावच मुंबईचं आहे. बॉम्बे ब्लड ग्रुप. १९५२ मधे डॉ. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापलं की काही माणसांचं रक्त तपासलं तर ओ गटासारखं दिसतं, पण त्यांच्या रक्तातला द्रव ओ गटाच्या रक्तालाही सोडत नाही, त्याच्याही गुठळ्या करतो. ओ गटाच्या पेशींवर जो एच नावाचा घटक असतो तोच यांच्याकडे नसतो. भारतात साधारण दहा हजारात एकाचं रक्त असं असतं. आता विचार कर, ही माणसं काय १९५२ मधे जन्माला आली का? त्यांच्या आज्या-पणज्यांचंही तसंच असणार. आणि रक्त न जुळण्याचे प्रकार त्याआधीही कुठे ना कुठे झाले असतील, तेव्हा सॅम्पल बदललं असेल, बाटली चुकली असेल असं म्हणून ते मिटवता आलं असतं. इथे कोणीतरी म्हणालं की थांबा, परत करून बघू, परत तेच येतंय, मग हे चुकीचं नाहीये, हे काहीतरी वेगळं आहे. मला ह्या "परत तेच येतंय" चं फार कौतुक आहे. आज अशा माणसाला ऑपरेशनच्या वेळी ओ गटाचं रक्त देऊ नये हे आपल्याला कळतं ते त्यामुळे.

आता तुझ्याकडे येते.

तज्ज्ञांनी लिहिलं ज्ञात प्रजाती. त्यांनी खरं तेच लिहिलं, आणि दोन ओळी का होईना उत्तर दिलं, त्यांच्यावर रागावू नकोस. पण ज्ञात म्हणजे काय ते समजून घे. प्राण्यांची शास्त्रीय नावं लिनियस या स्वीडिश शास्त्रज्ञाच्या १७५८ च्या पद्धतीपासून धरतात. कोणीतरी एक नमुना घेतो, त्याचं वर्णन करून नाव देतो, छापतो, आणि तो नमुना एखाद्या संग्रहात जपून ठेवला जातो, म्हणजे पुढे कोणाला शंका आली तर त्याच्याशी ताडून बघता येतं. आपल्याकडे लायन गेटसमोर हॉर्नबिल हाऊसमधे बीएनएचएसकडे, म्हणजे बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीकडे, असे नमुने आहेत, १८८३ पासूनची संस्था आहे ती. तर ज्ञात याचा अर्थ एवढाच की जगात कुठेतरी एका बाटलीवर हिच्या नावाची चिठ्ठी आहे. ती बांद्र्याला काय खाते, कधी येते, कुठे जाते, अंडी कधी घालते, हे त्या चिठ्ठीवर नसतं, आणि समुद्री गोगलगायींच्या बाबतीत तर बहुतेक वेळा नसतंच, कारण त्यासाठी कोणीतरी एकाच डबक्याकडे वर्षभर परत परत जावं लागतं, आणि एवढ्या वेळा जाणार कोण?

तू गेलीस. आणि ते जे वाक्य तू जाता जाता लिहिलंस, पावसाळ्यात एकदाही दिसली नाही, दिवाळीनंतर परत आली, त्याच झुडपावर, आणि पांढऱ्या दोऱ्याची गुंडाळी, ते वाक्य मला त्या केशरी-निळ्या फोटोपेक्षा मोठं वाटतं. फोटो सुंदर असणारच. पण हे वाक्य फोटोत येत नाही, ते दोन वर्षं जाणाऱ्या माणसालाच लिहिता येतं.

आता मावशींचं वाक्य त्याच्या शेजारी ठेव. त्या झुडपावरच बसते, तिथं हात घातला की खाज सुटते. तू वर्णन केलंस तशा पाठीवर बोटं असलेल्या बिनशंखाच्या गोगलगायी असतात ना, त्यातल्या बऱ्याच हायड्रॉइड नावाचा प्रकार खातात. हायड्रॉइड दिसतो अगदी झुडपासारखा, पण तो प्राणी असतो, जेलीफिशच्या नात्यातला, बारीक बारीक प्राण्यांची वसाहतच, आणि त्याच्याकडे दंशपेशी असतात, म्हणून हात लागला की खाज सुटते. गोगलगाय त्याला खाते आणि त्याच्या दंशपेशी न फोडता आपल्या पाठीवरच्या त्या बोटांच्या टोकांत नेऊन साठवते, मग कोणी तिला खायला आलं की त्याच वापरते. उधारीचं हत्यार. म्हणजे तुझ्या झुडपाबद्दल माझा अंदाज असा की ते झाडबीड नाही, हायड्रॉइड असू शकतं, आणि ती त्याच्यावर नुसती बसत नसेल, जेवत असेल. मावशींनी एका वाक्यात ती कुठे राहते आणि तिथे काय असतं, दोन्ही सांगून टाकलं. त्यांनी हे हाताला खाज सुटून सुटून शिकलेलं आहे, त्याला कमी समजायचं नाही.

पांढरी गुंडाळी बहुधा अंडी. या गोगलगायी अंडी अशाच पट्टीत किंवा दोऱ्यात घालतात, पुष्कळदा ज्याच्यावर जेवतात त्याच्यावरच. त्यातून बाहेर पडणाऱ्या पिल्लाला आधी शंख असतो, तेव्हा ते पाण्यात तरंगत फिरतं, आणि पुढे योग्य जागा मिळाली की खाली बसतं आणि शंख टाकून देतं. यातल्या कितीतरी जातींची पिल्लं आपलं खाणं जवळ असल्याची पाण्यात चाहूल लागली की मगच बसतात. आणि बऱ्याच जाती एक वर्षसुद्धा जगत नाहीत. म्हणजे दिवाळीनंतर तुला दिसली ती कदाचित तीच नव्हती, पुढची पिढी होती. मग प्रश्न असा उभा राहतो की पावसाळ्यात ते झुडूप तिथे असतं का? झुडूप आधी येतं आणि मागून गोगलगाय, की झुडूप बारा महिने असतं आणि गोगलगाय दुसऱ्याच कशानं जाते, पावसाचं गोडं पाणी डबक्यात भरतं म्हणून, गढूळपणामुळे, लाटांमुळे? मला माहीत नाही, आणि तुझ्या त्या डबक्यापुरतं बोलायचं तर कोणाला माहीत असेल असं मला वाटत नाही. हे तू शोधू शकतेस. यासाठी लॅब लागत नाही, पीएचडी लागत नाही.

फक्त आत्तापर्यंत केलंस त्यापेक्षा जरा वेगळं करावं लागेल. दिसली तर फोटो आणि नाही दिसली तर काहीच नाही, असं चालणार नाही, नाही दिसली हीसुद्धा नोंदच आहे. आत्ता तू म्हणतेस पावसाळ्यात दिसली नाही, पण त्या चार महिन्यांत तू किती वेळा गेलीस, पाणी किती गढूळ होतं, त्या डबक्यापर्यंत पोचलीस तरी का? हे लिहिलेलं नसेल तर "नव्हती" आणि "मला दिसली नाही" यात फरक करता येणार नाही. तेव्हा एक वही कर, साधी लांबट, प्रत्येक वेळी तारीख, ओहोटीची वेळ, कुठलं डबकं, झुडूप आहे की नाही आणि केवढं, गोगलगायी किती, गुंडाळ्या किती, पाणी कसं. फोटोत शेजारी छोटी पट्टी धर म्हणजे आकार कळेल. चार-पाच डबकी ठरव आणि तीच बघ, त्यातली दोन अशी ठेव जिथे झुडूप नाही, कारण झुडूप नसतानाही ती दिसली तर माझा सगळा अंदाज कोसळला आणि ते कळणं तर फारच चांगलं. दगड उचललास तर होता तसा परत ठेव, प्राणी उचलून घरी आणू नकोस. फोटो आयनॅचरलिस्ट या निसर्गनोंदींच्या वेबसाइटवर टाकत जा, तारीख-जागेसकट, म्हणजे ते तुझ्या मोबाईलमधे अडकून पडणार नाही. अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास पाणी सगळ्यात खाली जातं, आपल्याकडे पहाटे नाहीतर संध्याकाळी, तेव्हा एकटी जाऊ नकोस, दादाला घेऊन जा, पट्टी धरायला माणूस लागतोच. आणि पावसाळ्यात उधाण असेल, वारा असेल तर घरी बस. कुठलीही नोंद जिवापेक्षा मोठी नाही, बँडस्टँडच्या खडकांवर लाटेनं ओढून नेल्याच्या बातम्या आपण वाचतोच.

नोंद खरी ठेव, हे मला वेगळं सांगायलाच हवं असं नाही, तुझ्या पत्रावरून कळतंय, पण का ते सांगते. आपल्या महाराष्ट्रातलं रानपिंगळा नावाचं छोटं घुबड १८८४ नंतर कोणाला मिळालंच नव्हतं, ११३ वर्षं. मधल्या काळातला एक नमुना होता, १९१४ सालचा, गुजरातचा अशी चिठ्ठी लावलेला, मायनर्ट्झहागेन नावाच्या मोठ्या पक्षीतज्ज्ञाचा. नंतर कळलं की तो जुना नमुना चोरून त्यावर खोटी चिठ्ठी लावली होती. लोक त्या चिठ्ठीवर विसंबून भलतीकडे शोधत होते. ती बाजूला ठेवून जुन्या खऱ्या नोंदींच्या मागे पामेला रासमुसेन आणि तिचे साथीदार गेले, आणि नोव्हेंबर १९९७ मधे शहाद्याजवळ रानपिंगळा त्यांच्यासमोर बसलेला होता. पुढे २०१४ मधे तो तानसाच्या जंगलातही सापडला, ज्या तानसाचं पाणी आपण पितो. खरी लिहिलेली एक साधी चिठ्ठी शंभर वर्षांनी उपयोगी पडते, खोटी तेवढाच काळ नडते.

काही उरलंय का, हे तू विचारलंस ना? आरेच्या जंगलात विंचवाची नवी जात मिळाली, तिचं नावच आरेवरून ठेवलंय, लायकस आरेएन्सिस. २०२१ मधे ठाणे-कल्याणकडच्या एका उड्या मारणाऱ्या कोळ्याला आयसियस तुकारामी नाव दिलं, शहीद तुकाराम ओंबळे यांच्यावरून. हाजी अलीच्या खडकांत प्रवाळ आहेत हे कोस्टल रोडच्या वेळी ते हलवायची वेळ आली तेव्हा कितीतरी मुंबईकरांनी पहिल्यांदा ऐकलं. आणि हे सगळं लोकलच्या अंतरावर. खूप उरलंय.

पेढ्यांचं मनाला लावून घेऊ नकोस. बाबांनी मुलीच्या आनंदाचे पेढे वाटले, त्याला तज्ज्ञांच्या सहीची गरज नव्हती. बिल्डिंगमधे कोणी विचारलं तर सरळ सांग की प्राणी आधीच माहीत असलेला निघाला, आता तो पावसाळ्यात कुठे जातो ते बघतेय. ऐकणारा दुसरा प्रश्न विचारतो की नाही बघ.

आणि आता पहिलं काम. मावशींकडे परत जा. फोटो दाखवून "ही नवीन आहे का" असं विचारू नकोस, त्यांच्या कामाची वेळ नसेल तेव्हा शेजारी बसून विचार की त्या झुडपाची खाज बारा महिने सुटते की ठराविक महिन्यांत, पावसाळ्यानंतर ते कधी दिसायला लागतं, त्यांच्या लहानपणी जास्त होतं की आता, आणि त्या त्याला काय म्हणतात. खाज कधी सुटते हे कळलं तर झुडूप कधी असतं ते कळेल, आणि तुझ्याकडे दोन वर्षं आहेत तर त्यांच्याकडे अख्खं आयुष्य. जे सांगतील ते त्यांच्या शब्दांत, त्यांना विचारून, त्यांच्या नावानिशी वहीत लिही, आणि पुढे कधी हे कुठे छापून आलंच तर त्यांचं नाव तुझ्या नावाबरोबर यायला हवं, तळटीपेत नाही. मग ती वही आणि गुंडाळीचे फोटो त्याच तज्ज्ञांना पाठव, या वेळी "ही कोण" असं न विचारता "ही पावसाळ्यात का दिसत नाही" असं विचार. मला वाटतं उत्तर दोन ओळींपेक्षा मोठं येईल.

तुझी,
ताई